कोऱ्या पाण्यातलं टोक

तिने सुईत पाणी भरलं, यंत्रात सोडलं आणि स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. नुसतं पाणी, ज्यात भिंग घेऊन शोधलं तरी काही सापडू नये असं. पडद्यावरची रेघ शहाण्या मुलासारखी सरळ चालली होती. मग मधेच त्या रेघेने मान वर काढली, एक अणकुचीदार टोक उमटलं.

ते टोक तिच्या ओळखीचं होतं. गेले काही महिने ती त्याच्याच जोरावर मिरवत होती.

हे यंत्र रेणूंचं वजन करायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. ते एकेक तोलून वजनं संगणकाकडे जायची. आणि जुने दाखले वाचून वाचून शहाणा झालेला संगणक सांगायचा, की कोणता तुकडा शरीरात काय काम करील. सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. कुंपणावर माजणाऱ्या एका रानवेलीच्या बियांत ज्योतिषाला रक्तदाब उतरवणारा तुकडा दिसला, तेव्हा एरवी चहाही न पाजणाऱ्या सरांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं होतं.

आज सकाळी याच यंत्रावर शेजारच्या गटाने सापाचं विष लावलं होतं. त्यांचं काम वेगळं, त्यांचे आकडे त्यांच्यापाशी. त्यांच्यानंतर तिने पाणी सोडलं, आणि पाण्यात बियांत सापडलेलं तेच टोक आलं.

दोन नमुन्यांच्या मधे पाण्याची फेरी घ्यायची, हा इथला पहिला धडा. नळीला मागचं काही चिकटलं असेल तर ते वाहून जातं. पण बिया लावल्या त्या दिवशी सरांना बैठकीआधी आकडे हवे होते. "एका फेरीने काय आभाळ कोसळणार आहे?" ते म्हणाले होते, आणि तिलाही घरी जायची घाई होती. त्या दिवशीही बियांच्या आधी नळीतून विषच गेलं असणार, हे आता तिला विचारायला कुणाकडे जावं लागणार नव्हतं.

तरी तिने नळी दोनदा धुतली, ताज्या बिया भरडल्या, नमुना लावला. टोकाच्या जागी रेघ सरळ गेली ती गेलीच. ज्योतिषी चुकला नव्हता. भविष्य खरं होतं, पत्रिका दुसऱ्याची होती: रक्तदाब उतरवणारा तुकडा विषातला होता, बियांतला नव्हे.

तिने सरांना बोलावून सगळं सांगितलं. सर दारातूनच ऐकत होते.

"खात्री आहे?"

"हो सर."

"मग आणखी एकदा करून बघ. आणि तोवर बाहेर बोलू नकोस. झाकली मूठ आहे तोवर बरं."

ते निघून गेले. तिची मूठ मात्र कधीच उघडली होती. जेवताना तिने बाबांना सगळं रंगवून सांगितलं होतं. बाबांनी उभा जन्म बसच्या इंजिनांखाली काढलेला. मुलीचं यंत्र म्हणजे त्यांना ब्रह्मवाक्य. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन ते कुंपणाकुंपणाने फिरले आणि बियांचा काढा सुरू झाला. मागच्या रविवारी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर धूळ खात पडलेलं दिसलं, तेव्हा ती रागावली खरी, पण लटकंच. "घरचा वैद्य असताना बाहेरची औषधं कशाला?" असं बाबा म्हणाले आणि ती सुखावली. किती सुखावली होती, ते आठवून तिला आता स्वतःची लाज वाटली.

तिने फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही.

"बोल गं."

तिने डोळे मिटले. "बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"ऐका. त्या बियांत काही नाही. आमची चूक झाली. आत्ताच्या आत्ता गोळी घ्या."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही, बाबा. त्या नुसत्या बिया आहेत."



"असं कसं म्हणतेस?" ते हळूच म्हणाले. "अगं, मी मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना बिया वाटल्यात. माझी मुलगी खोटं सांगणार नाही म्हटलं. सगळ्यांनी गोळ्या सोडल्या. माझ्याबरोबर फिरणाऱ्या मास्तरांनी तर सगळ्यांच्या आधी. त्यांना बीपीचा भारीच त्रास होता ना."



"मास्तर कुठे आहेत?"

"तेच बघायला आलोय. आज फिरायला आले नाहीत, आणि घरी एकटेच असतात. दाराशीच उभा आहे त्यांच्या." बाबांचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. "दूध बाहेरच आहे. आत रेडिओ तर चालू आहे."

"शेजारी कुणाला तरी बोलवा, बाबा. दार उघडायला लावा."

"थांब, आधी पुन्हा वाजवून बघतो."

फोनमधून कडी वाजली. मग पुन्हा, जोरात. मग बाबांनी मास्तरांना हाक मारली, एकदा नेहमीसारखी आणि एकदा अगदी लहान मुलासारखी.

ती कान लावून बसली. आत रेडिओवरची बाई उद्याचं हवामान सांगत होती.