ठमीचं तोंड

ठमीने दाण्यांकडे पाठ फिरवली तेव्हाच दातवाल्यांनी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. नऊ वर्षांची कोंबडी. अंडी देणं सोडून तिला तीन वर्षं झाली होती, पण खाण्याच्या बाबतीत तिने आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. आज मात्र ती गच्चीच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती आणि चोचीतून लाळेची तार लोंबत होती.

दातवाल्यांनी तिला काखेत घेतलं आणि अंगठ्याने चोच उघडली. कुजका वास आला. जिभेच्या मुळाशी फाटलेल्या दुधासारखा पिवळट थर बसला होता.

चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या होत्या, गावभरच्या तोंडांची मापं घेतली होती, म्हणून लोक त्यांना दातवाले म्हणत. पण या एका बिनदाती गिऱ्हाइकापुढे त्यांनी हात टेकले होते. आठ महिन्यांतली ही चौथी खेप. दर खेपेला जनावरांच्या डॉक्टरीणबाई औषध देत, आठवडाभरात तोंड स्वच्छ होई, आणि दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तेच.

“सूनबाई!” त्यांनी जिन्यातूनच आवाज दिला. “पुन्हा ओलं धान्य घातलंस ना हिला?”

सून खालच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन थांबलं. “धान्य परवाच उन्हात वाळवलंय, बाबा. डबा उघडून बघा.”

“मग हे काय आपोआप होतं?”

मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात. मुलगा जहाजावर, वर्षातले सहा महिने बाहेर. घरात ही दोनच माणसं, आणि ठमीचं तोंड आलं की दोघांची तोंडं दोन दिशांना.

अकरा वाजता ठमीच्या श्वासाला घरघर लागली. दातवाल्यांनी फोन लावला. डॉक्टरीणबाई दूरच्या एका गोठ्यावर अडलेल्या गाईपाशी होत्या.

“संध्याकाळशिवाय मी सुटत नाही, काका. तो थर खरवडू नका, रक्त आलं तर श्वासनळीत जाईल. अगदीच गुदमरायला लागली, तर सैल झालेला तुकडा तेवढा ओल्या कापसाने सोडवायचा. चिकटलेल्याला हात लावायचा नाही. आणि एक सांगा, ती पाणी कुठलं पिते? गच्चीवर कबुतरं येतात का?”

दातवाल्यांची नजर कठड्याखालच्या पसरट ताटलीकडे गेली. नऊ महिन्यांपूर्वी कवळ्यांचं दुकान बंद केल्यापासून रोज सकाळी ते कबुतरांना दाणे टाकत, ताटलीत पाणी भरत. पंधरा-वीस कबुतरं जमत, आणि त्या गर्दीत ठमीही घुसून पाणी पीत असे.

“नाही,” ते म्हणाले. “कबुतरं नाहीत आमच्याकडे.”

फोन ठेवून वळले, तर जिन्याच्या दारात सून उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

तेवढ्यात ठमीने मान वर ताणली. चोच आ वासलेली, पण हवा आत जाईना. तिचा लाल तुरा बघता बघता जांभळा पडू लागला.

“बाबा!”

दातवाल्यांनी ठमीला मांडीवर घेतलं, खिशातला कवळ्यांच्या कामाचा चिमटा काढला. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. चिमट्याचं टोक चोचीच्या कडेवर टकटक आपटायला लागलं.

“मला नाही जमणार,” ते म्हणाले. “तू ये.”

सुनेने आजवर ठमीला नुसता हातही लावला नव्हता, चोचीची तिला भीती वाटे. पण ती खाली बसली. दातवाल्यांनी दोन्ही हातांनी ठमीला छातीशी आवळलं आणि चोच फाकवून धरली. सुनेने ठमीचं तोंड पुसायला वाटीत काढून ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून चिमट्यात पकडला.

“जिभेच्या मागे बारीक फट दिसते? तीच श्वासाची वाट. तिच्यावर काय आहे?”

“पिवळी पापडी. एक टोक सुटलंय.”

“त्या टोकापासून. ओढू नकोस, नुसतं ओलं करत राहा.”

ठमीचे पाय एकदा झाडले गेले, मग सैल पडले. सुनेच्या कपाळावरून घाम ओघळून पापणीवर आला, तिने तो पुसला नाही. सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरून ती बोळा फिरवत राहिली. पापडी हलली आणि अलगद कापसाला चिकटून बाहेर आली. मागोमाग रक्ताचा एक थेंब. सुनेने कोरड्या बोळ्याने तो झटकन टिपला.

ठमीने शिट्टीसारखा लांब श्वास ओढला. मग दुसरा. तुऱ्यात हळूहळू लाली परतली.

मग दातवाल्यांनी स्वतःच फोन उचलला.

“मघाशी मी खोटं बोललो, डॉक्टरीणबाई. कबुतरं आहेत. मीच बोलावतो त्यांना.”

पलीकडून त्या रागावल्या नाहीत. कबुतराच्या घशात हा रोग बसलेला असतो, त्याला स्वतःला काही होत नाही, पण एका भांड्यात चोच बुडवली की दुसऱ्याच्या तोंडात जातो, एवढंच म्हणाल्या. दातवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. एका हाताने ते औषध देत होते आणि दुसऱ्या हाताने दुखणं पाजत होते.

“चुकलं माझं,” ते सुनेला म्हणाले. “आठ महिने तुला बोल लावला.”

“लावलात खरा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मलाही शंका यायला लागली होती, माझंच काही चुकतंय का.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, तोंड तपासून आठवड्याचं औषध देऊन गेल्या. दातवाल्यांनी ताटली फेकून दिली. ठमीच्या खुराड्याला बारीक जाळी लावली, पाण्याचं भांडं आत ठेवलं. ते रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं काम स्वतःकडे घेतलं. कबुतरं पंधरा दिवस कठड्यावर येऊन बसत. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून दातवाले तेवढा वेळ खाली पेपर वाचत.

चार महिने झाले, ठमीचं तोंड पुन्हा आलेलं नाही. वय झालंय, खात्री देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून दर रविवारी दातवाले ठमीला धरतात आणि सून चोच उघडून आत बॅटरीचा उजेड टाकते.

“बघितलंस?”

“स्वच्छ आहे.”

“टाळूला? जिभेखाली?”

“बाबा, नीट बघितलंय,” ती म्हणते, आणि तरी पुन्हा एकदा वाकून बघते.