आतल्या खोलीचं भाडं

आत्याच्या मते आजकालच्या पोरांना घरं मिळत नाहीत, कारण ती लोळत लोळत मोबाइलवर शोधतात. तिने नाही का, बिस्किटांच्या सरकारी कारखान्यात पॅकिंगला उभं राहून, एकटीच्या पगारात दोन खोल्या घेतल्या? भाची दर रविवारी जेवायला आली की आधी हे वाढलं जायचं, मग भात.

भाची दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात चकचकीत करायचे आणि भाडं भरताना स्वतः दातओठ खायचे, असं तिचं चाललं होतं. आता घरमालकाने भाडं आणखी वाढवलं, म्हणून महिनाअखेर बिऱ्हाड हलवायचं होतं. तिला हवी होती आत्याची आतली खोली. पण तिथे आत्याचे रिकामे बिस्किटांचे डबे राहायचे. लागतील कधीतरी, या आशेवर ते छताला टेकले होते.

“आज तुझ्या पगारात खोली शोधून दाखवते,” आत्या इरेला पेटली. “नाही मिळाली तर डबे बाहेर, तू आत. लाव पैज!”

एजंट त्यांना घेऊन गेला तो थेट मागच्याच गल्लीत, कारखान्याच्या जुन्या क्वार्टर्समध्ये. आत्या खूश. “अगं, ही तर आमच्या सुपरवायझरबाईंची जागा!”

दार उघडलं. कॉट, कपाट, शेगडी, सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं.

“हे नुसतं स्वयंपाकघर झालं. बाकीचं घर कुठाय?”

“त्यात बाकीचे भाडेकरू आहेत, मावशी.” मग त्याने भाडं सांगितलं.

घासाघीस करायला उघडलेलं आत्याचं तोंड उघडंच राहिलं. भाचीचा जवळजवळ सगळा पगार त्यात जात होता.

“तुमची पण इथेच जागा का?” एजंटचे डोळे चमकले. “एक खोली द्या मला. पेन्शनपेक्षा जास्त आणून देतो, दरमहा.”

“पेन्शनपेक्षा?” आत्याचा आवाज एकदम मऊ झाला.

 पैज भाची जिंकली होती, पण आत्याच्या आतल्या खोलीला आता भाव आला होता. आणि आत्या म्हणजे साबणाच्या वडीसाठी सगळा बाजार पालथा घालणारी बाई. परतताना ती वाटभर गप्प होती. हे लक्षण काही बरं नव्हतं. आत्या एरवी झोपेतसुद्धा बोलायची.

घरी येताच आत्या बाह्या सरसावून डबे बाहेर काढायला लागली. कोणासाठी, हे विचारायचा भाचीला धीर होईना. तीही मुकाट्याने डबे उचलू लागली.

“कष्टाने घर घेतलं, असं सांगत आले मी,” आत्या डब्यांच्या आडून म्हणाली. “कष्ट केलेच गं. पण ते तूही करतेस. आमच्या वेळी सरकारने नियम काढला, जो राहतो त्याला क्वार्टर मातीमोलाने. मी फक्त सही केली. एवढाच माझा पराक्रम.”

 भाचीने धीर करून विचारलं, “भाडं किती देऊ?”

“कारखाना माझ्याकडून घ्यायचा तेवढं. पगाराचा दहावा हिस्सा. फुकट मात्र नाही हं, डोक्यावर बसशील.”

भाची डबा मांडीवर घेऊन खालीच बसली. उरलेल्या पगाराचं काय करायचं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता.