सोजरबाईचा तुकडा

"शेषराव, बाहीर दौलतरावाची जीप लागली," गोविंदा दारातून आत येत म्हणाला. "पडद्यावर त्याचं नाव आलं तं मंग कसं?"

मशीनवर रीळ चढवता चढवता शेषरावाचा हात खिशाकडे गेला.

मुंबईच्या तिघा पोरांनी गावच्या खऱ्या माणसांना बोलतं करून काढलेला हा सिनेमा एकाही टॉकीजवाल्यानं घेतला नव्हता. शहात्तर सालच्या त्या आणीबाणीच्या दिवसांत कोण घेणार, डोंबल! मग शेषरावच मशीन आणि रिळांचा डबा घेऊन एस.टी.नं फिरू लागला. एका गावानं पाहिला की तेच पुढच्या गावाला निरोप धाडायचं. शिरपूर झालं, आसेगाव झालं. सोजरबाई पडद्यावर आली की माणसं चिडीचूप होत. 'आमच्या नव्या इहिरीत फवारनीचं औषद दौलतरावानं टाकलं,' जमीनदाराचं थेट नाव घेऊन एवढंच ती बोले. पण काय ठणठणीत बोलायची बाई!

आज खेळ तिच्याच वाडीत होता. गोविंदाचा कोठा कापसानं अर्धा भरलेला. भर दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. सोजरबाई धुतलेलं लुगडं नेसून अगदी पुढं बसली होती. दौलतरावाची जीपमधली चार माणसं आत येऊन दाराशी उभी राहिली.

पडद्यावर विहीर आली, मेलेल्या शेळ्या आल्या आणि एकदम पुढचं शेत आलं.

सोजरबाई मागं वळली. "भाऊ, मी कुठी गेली?"

सकाळीच शेषरावानं तिचा तेवढा तुकडा ब्लेडनं कापून खिशात घातला होता. म्हातारीचा जीव वाचावा म्हणून, असं तो मनाला बजावत होता. खरं तर तो स्वतःच भ्याला होता.

"तुह्यासाठीच कापलं, माय."

"मले इचारलं व्हतं काय?"

ती उठली आणि पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. शेत तिच्या लुगड्यावरून सरकू लागलं. शेषरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बटण फिरवून सिनेमाचा आवाज बंद केला.

"आमच्या नव्या इहिरीत," दाराकडं बघत सोजरबाई म्हणाली, आणि तिनं नावासकट ते वाक्य पुरं केलं.

ती चार माणसं एक शब्द न बोलता बाहेर पडली. शेवटच्यानं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

सगळ्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग कापसाकडं; बाहेरून एक काडी पुरली असती. शेषरावाचा हात मशीनच्या दिव्याकडं गेला.

"बंद नोको करू, भाऊ," सोजरबाई म्हणाली. "माहं सांगून झालं नाई."