चार देव निघून गेले होते

मी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड बोलतोय. फोटो निघतो, नाव कॅमेऱ्याचं होतं, आणि थंडीत रात्रभर ताठ उभा राहतो तो मी. असो, तक्रार नाही. मंगोलियात, उलानबातरच्या एका दुकानात धूळ खात पडलो होतो, तिथून उरनाने मला उचललं. गोबीच्या वाळवंटातलं रात्रीचं आकाश टिपायचं हे तिचं वेड. माझा एक पाय तिने जीपच्या दारात चेमटवला, तो अजून कुरकुरतो. पण बाई मायाळू. सांध्यांत वाळू शिरली की जुन्या मोज्याने पुसून काढते.

तिचे बाबा दाम्बा, वय सत्तर, उंट पाळतात. हट्टी म्हणजे किती! सप्तर्षींना इकडे सात देव म्हणतात. दाम्बा रोज अंधार पडला की त्यांच्याकडे तोंड करून दूध शिंपडतात. दोन वर्षं त्यांचं एकच पालुपद: खाणीच्या ट्रकांनी धूळ उडवली, चार देव निघून गेले, तीनच उरले. उरना म्हणायची, डोळे दाखवा. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय, म्हणायचे, उंट तर लांबून ओळखतो. खरं तर उंटच त्यांना ओळखायचे.

या वसंतात उरना ठरवूनच आली. सातही देवांचा फोटो बाबांना दाखवायचा आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं. पण वारा असा सुटला की मी लटपटायला लागलो. माझ्या पोटाखालच्या आकड्याला काहीतरी जड बांधा, असं बाबांना सांगून ती बॅटरी आणायला गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकरी तंबूत गेली.

वादळात गेर उडू नये म्हणून छताच्या दोराला घरचं माणूस लोंबकळतं. दाम्बांनी तेच केलं. माझ्या आकड्याला दोर बांधला आणि खाली बसून स्वतःच ओढून धरला. माझे गुडघे निखळायची वेळ आली. उरनाने परत येऊन फोटो काढला, तर त्यात तारे कसले, नुसत्या अळ्या वळवळत होत्या.

"बाबा, सोडा तो दोर. दगड बांधू."

"दगडाला काय कळतंय, वारा कुठून येतोय ते?"

उरनाला हसू आलं. शिकारीत नेम धरताना श्वास रोखायचात, तसा रोखा, म्हणाली. वीस सेकंद म्हातारा हलला नाही. मीही नाही.

मग तिने कॅमेरा त्यांच्या नाकाशी धरला. दाम्बांनी पडद्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. सात भरले. ते रडायला लागले. हरले म्हणून रडतायत, असं मला वाटलं.

"सगळे आहेत गं पोरी," ते म्हणाले. "मला वाटलं, देव आपल्याला सोडून गेले. माझेच डोळे गेलेत होय? मग चल, उद्याच जाऊ."

आज दोघं शहरात आहेत. मोतीबिंदू आहे, निघेल म्हणे. मी गेरमध्ये पेटीमागे आडवा पडलोय. एकच विनंती आहे. दाम्बा परत येतील त्या रात्री उरना सवयीने मला उचलायला येईल. तिला कुणीतरी सांगा, एवढी एक रात्र मला आतच राहू दे. आधी बाबांना वर बघू दे.