एका घराचं एक माप

मंगलाबाईंचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता आणि त्या त्याच्याकडे हट्टाने कानाडोळा करत होत्या. भजनी मंडळ दुसऱ्या मजल्यावर भरायचं, ते तर सुटलंच. त्याचं त्यांना फार वाईट वाटे, पण कबूल कोण करतो! डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी बघू."

खरी अडचण विम्याची होती. नवरा-बायको, मुलगा मनीष आणि सून अशा घरातल्या चौघांची मिळून एकच पॉलिसी, आणि तिला डिडक्टिबलची अट: ठरलेली रक्कम आधी आपण भरायची, मग वरचं कंपनी देणार. दिवाळीआधी यजमानांना, कृष्णरावांना, स्टेंट बसला तेव्हा त्या रकमेपायी बचत पार संपली होती. आता गुडघ्यासाठी पुन्हा तेवढेच भरायचे, या विचारानेच मंगलाबाईंना घाम फुटे.

एका रविवारी पोहे खाताखाता सून विनीता म्हणाली, "आई, डिडक्टिबल तर आपलं होऊन गेलं ना. मग थांबता कशाला?"

मंगलाबाईंनी समोरच्या कृष्णरावांकडे बोट दाखवलं. "ते यांचं झालं. माझं कुठे झालंय?"

विनीताने इंग्रजीतून सांगितलं, हिंदीतून सांगितलं. सासूबाई ढिम्म. शेवटी ती वैतागली. "आई, लग्नात मी दारात तांदळाचं माप ओलांडलं. माझ्यामागून मनीष आले, तुम्ही आल्या. तुमच्यासाठी काय अलग माप ठेवलं होतं?"

"काहीतरीच! माप एकदाच असतं."

"बस, वोही! घराची सगळी बिलं एकत्र मोजतात. माप एकच, ते बाबांनी ओलांडलं. मार्च संपला की नवी पॉलिसी, नवं माप. म्हणून आत्ताच करवून घ्या."

मंगलाबाईंच्या डोळ्यांसमोर मुंडावळ्या बांधलेले, मिशाळ कृष्णराव लाजत माप लवंडू लागले आणि त्यांना हसू आवरेना. "मतलब नवरी तुम्ही!"

"हां तो!" कृष्णराव रुबाबात म्हणाले. "जिवावर बेतलं तेव्हा कुठे ओलांडलंय. आता तू फायदा उठव."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. वॉकर टेकत मंगलाबाई घरी आल्या, तर उंबऱ्यावर तांदळाचं माप! शेजारी कृष्णराव, मिशीत हसत.

"अहो, एका घराला एकच ना?"

"ते कंपनीचं. हे माझं."

मंगलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वॉकर घट्ट धरला आणि उजवा पाय उचलला. लग्नात त्यांनी माप लाजत, हळूच लवंडलं होतं. या वेळी तांदूळ थेट सोफ्याखाली गेले.