कुरकुरणारं मशीन

"एकशे बारा पिशव्या, आई. सगळ्या टाकून द्यायच्या."

फोन कानावरून काढून सूनबाई एवढंच म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकली. माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं.

बावीस वर्षं ती रक्तपेढीत संगणक सांभाळते. मी तिसरीतून शाळा सोडलेली, पण तिच्या कामाबद्दल चारचौघांत मीच जास्त बोलते. घरात तिला सुनावते, बाहेर मिरवते. माझा हक्कच आहे तो.

काल, रविवारी, रक्ताचा मोठा फ्रिज बंद पडला. दर पाव तासाला त्याचं तापमान बघायचं आणि वाढलं की घंटा वाजवायची, हे काम हिने लिहिलेल्या स्क्रिप्टचं. म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कामांची यादी. घंटा वाजलीच नाही. आज सकाळी फ्रिजचं दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं. संगणकाच्या पडद्यावर काय लिहिलंय ते हिने फोनवरच वाचून घेतलं होतं.

"शनिवारी तुझ्या संगणकाचं नवं मशीन बसवलं ना? मग त्याच्यावर ढकल की!"

"मशीन बरोबर वागलं, आई."

"एवढं रक्त नासलं आणि बरोबर?"

ती टेबलापाशी बसली. सांगणं नेहमीसारखं सावकाश.

"यादी वाचतो तो शेल. काही कामं तो बाहेरच्या प्रोग्रामकडून करून घेतो, काही त्याच्या अंगचीच. बाहेरचा चुकला तर शेल पुढच्या ओळीवर जातो. पण अंगच्या काही खास कामांत चूक झाली तर तिथेच थांबायचं, असा नियम ठरलाय. यादी कुठल्याही मशीनवर नेली तरी सारखीच चालावी म्हणून."

"मग तुझी का नाही चालली?"

"पहिल्याच ओळीत दुसरी एक फाइल आत घ्यायला सांगितलंय. ते शेलच्या अंगचं काम. ती फाइल मी सहा वर्षांपूर्वी पुसली आणि ओळ तशीच ठेवली. जुन्या मशीनचा शेल नियमाला ढिला. फाइल नाही असं लिहून रोज कुरकुरायचा आणि पुढचं सगळं निमूट करायचा." माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासारखा."

एरवी मी सोडलं असतं का तिला? आज मी पुढचंच विचारलं.

"नवा कुरकुरला नाही?"

"कुरकुरला. आणि तिथेच थांबला. ती कुरकुर वाचायची माझी सवयच गेली होती."

तेवढ्यात साहेबांचा फोन. मोठ्या आवाजावर लावलेला, म्हणून मलाही ऐकू आला.

"ताई, अहवालात नव्या मशीनचा दोष लिहा. पुरवणारे बघून घेतील."

माझ्या जिवात जीव आला. कसा भला माणूस! आणि ही म्हणते, "नाही साहेब. ओळ माझी आहे."

फोन ठेवला तशी मी ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं? नोकरी जाईल!"

"मशीनचा दोष लिहिला तर ते मशीन बदलतील, आई. आणखी कुठे कुणी अशीच ओळ ठेवली असेल, ती तशीच राहील." मग खाली बघत म्हणाली, "त्यात यांचीही पिशवी होती. शुक्रवारी दिलेली."

माझ्या मुलाचं रक्त.

टेबलावरच तिने हाताने अहवाल लिहिला आणि साडी बदलायला आत गेली. मी चष्मा लावला. सगळं मला कुठलं कळायला! शेवटच्या दोन ओळी मात्र अक्षर लावून लावून वाचल्या. 'चूक माझी आहे.' खाली तिचं नाव. सही नेहमीसारखी सरळ. टेबल पुसताना त्या कागदाला मी पाणी लागू दिलं नाही.

दारात ती थांबली. "आई, काहीतरी बोला ना."

"चपलेचा पट्टा लाव नीट," मी म्हटलं.

ती वाकली, पट्टा लावला आणि जिना उतरून गेली. मी दार उघडंच ठेवलं.