लोरीनने न विकलेली गाडी

*कार्डावरचा पहिला प्रश्न : किंमत काय?*

"ते मला सांगता येत नाही, मिस्टर डेल्बर्ट."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"कायद्यानं येत नाही."

डेल्बर्ट वियात्रेकने हॅट काढून विजेच्या गाडीच्या चकचकीत टपावर ठेवली. वय चौऱ्याऐंशी, बुटांना गोठ्यातली माती. "पोरी, चार पिकअप विकल्यास तू मला. तेव्हा तर तोंड चालायचं तुझं."

लोरीन कुबिचेक हसली. एकतीस वर्षं ती डीलरकडे गाड्या विकत होती. किंमत ती आपल्या नावाच्या कार्डाच्या पाठीवर लिहायची, कार्ड पालथं सरकवायची आणि गप्प बसायची. तिच्यासारखं गप्प बसणं साऱ्या सॅन अँटोनियोत कुणाला जमत नसे. डीलरने धंदा गुंडाळला आणि ती इथे, मॉलमधल्या या काचेच्या दुकानात आली. दुकान गाडी बनवणाऱ्या कंपनीचं. आणि टेक्सासचा कायदा सांगतो की जो गाडी बनवतो त्याने ती गिऱ्हाइकाला विकायची नाही, मध्ये डीलर हवा. म्हणून इथे गाडी फक्त दाखवायची. कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, ते छापलेलं कार्ड तिच्या खिशात असे.

*कार्डावरचा दुसरा : कुठे विकत मिळेल?*

"तेही सांगता येत नाही. काँप्युटरवर मागवतात लोक."

"माझ्याकडे तो नाही. हा घे." त्याने चेक पुढे केला. खाली सही, आकडा कोरा. "तू भर. तू लावशील तो भाव."

लोरीनने हात पाठीमागे नेले. "खिशात ठेवा तो. आणि असला चेक पुन्हा कुणापुढे धरू नका."

"तुझ्यापुढे धरला."

*तिसरा : चालवून बघू का?*

"नाही."

"मग करतेस काय तू इथे दिवसभर?"

तिने काउंटरमागच्या मारिसोलकडे पाहिलं. मारिसोलने खांदे उडवले. गाडीत बसू नये असं कार्डावर कुठेच नव्हतं.

"बसा," लोरीन म्हणाली आणि शेजारच्या सीटवर स्वतः बसली. गाडी बंद होती, समोर आइस्क्रीमचं दुकान. "पिकअप घेताना चक्कर मारायचो त्या जुन्याच रस्त्यानं जाऊ. निघा."

डेल्बर्टने तिच्याकडे पाहिलं. मग स्टिअरिंग धरलं.

"जिनिंगपाशी डावीकडे."

त्याने वळवलं. "तिथं खड्डा असायचा."

"अजून आहे. सावकाश. चर्च गेलं. आता रेल्वेचं फाटक, मालगाडी येतेय. थांबा."

डेल्बर्टचा बूट खाली गेला. उजव्या पेडलवर, ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर, जोरात.

आइस्क्रीमवाल्या मुलीने कोन भरून कुणाला तरी दिला.

"पुन्हा करू," ती म्हणाली. "चर्च. फाटक. थांबा."

पुन्हा उजवं.

त्याच्याही लक्षात आलं. त्याने पाय काढून घेतला, मांडीवर हात ठेवला. "नवीन गाडी आहे. सवय नाही."

"पेडल तिथंच आहेत, मिस्टर डेल्बर्ट. तुमच्या पिकअपमध्ये आहेत तिथंच."

*कार्डावर नसलेला*

"म्हणजे घेऊ नको म्हणतेस?"

कार्ड सगळं अडवत होतं: भाव, पत्ता, चक्कर. घेऊ नका म्हणायला मात्र कुणी बंदी घातलेली नव्हती. असं कुणी विक्रेता म्हणेल, हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. एकतीस वर्षांत तिच्याही आलं नव्हतं. पण आवाज तोच निघाला, भाव सांगतानाचा, ठाम.

"ही घेऊ नका. कुठलीच घेऊ नका. आणि आज आलात तसे परतही जाऊ नका."

मग ती गप्प बसली, तिला जमायचं तशी.

डेल्बर्टने आधी इंडिकेटरची काडी वर केली. गाडी रस्त्याच्या कडेला घेतल्यासारखं स्टिअरिंग हलकेच फिरवलं, आणि हात काढले.

"भाव फार लावलास, पोरी."

"कमी होणार नाही."

त्याने खिशातून पिकअपची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"मारिसोल, जेवायला चालले गं. जरा वेळ लागेल."

मॉलच्या आवारात पिकअप उन्हात तापून उभी होती. अठरा वर्षांपूर्वी तिनेच विकलेली. लोरीनने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. डेल्बर्ट पलीकडचं दार उघडून चढला. त्या सीटवर बायकोची, ॲग्नेसची, चपटी उशी अजून होती. ती उचलावी की तिच्यावर बसावं, हे त्याला क्षणभर कळेना. तो बसला. मग खांद्यामागे हात घालून बराच वेळ चाचपत राहिला.

"लोरीन," तो म्हणाला, "ह्या बाजूचा पट्टा कुठं असतो?"